युवाल्डीचे पोलीस खोटं बोलले, मग सँडी हूकवर विश्वास का ठेवायचा?

मृदुला_हार्टफर्ड
माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं मला एक प्रश्न विचारला. मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

मी कनेटिकटमध्ये राहते. न्यूटाउन इथून गाडीनं तासाभरावर. १४ डिसेंबर २०१२ ला तिथल्या सँडी हूक शाळेत गोळीबारात २० मुलं आणि ६ शिक्षक-कर्मचारी मारले गेले. मुलं सगळी सहा-सात वर्षांची. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. एरवी शाळा सुटायच्या वेळी आम्ही पालक गाडीतच बसून रांगेत पुढे सरकतो. त्या दुपारी सगळे जण गाड्या सोडून दाराशी येऊन उभे होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

भाचा म्हणाला, "मावशी, टेक्सासमधल्या युवाल्डीत शाळेतल्या गोळीबाराबद्दल पोलीस खोटं बोलले, गव्हर्नर खोटं बोलला, हे आता सगळेच मान्य करतात. मग सँडी हूक घडलंच नाही असं म्हणणाऱ्यांना वेडं का ठरवायचं? तिथेही अहवाल सरकारचाच आहे ना?"

मला इतका राग आला की "असलं बोलू नकोस" म्हणून मी विषय तोडला. नंतर रात्रभर चुटपुट लागून राहिली. पोरगा वाह्यात नाही. त्यानं प्रामाणिकपणे विचारलं होतं. तुम्ही काय सांगितलं असतं?

अनघा_ठाणे
मृदुलाताई, प्रश्न महत्त्वाचा आहे. वाचते आहे. इथे टेक्सासचे लोक आहेत, ते नीट सांगतील.

सॅनअँटोनियोकर
मी सांगतो. युवाल्डी माझ्या घरापासून पश्चिमेला साधारण १३० किलोमीटर. आधी भाच्याच्या वाक्यात एक दुरुस्ती. गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी २५ मे २०२२ ला पोलिसांच्या धाडसाचं कौतुक केलं, याहून वाईट घडू शकलं असतं म्हणाले. दोनच दिवसांनी त्यांना जाहीरपणे म्हणावं लागलं की माझी दिशाभूल केली गेली. आता यावर विश्वास ठेवायचा का, ते ज्यानं त्यानं ठरवावं, पण बोलले ते असं.

घटना २४ मे २०२२ ची. रॉब प्राथमिक शाळा. १९ मुलं, २ शिक्षिका. सुट्टी लागायला दोनच दिवस उरले होते. बंदूकधारी १८ वर्षांचा. तो ११:३३ ला इमारतीत शिरला आणि पोलीस तीन मिनिटांच्या आत त्याच्या मागे आत होते. हे वाक्य दोनदा वाचा. तीन मिनिटांत. वर्गाच्या दाराशी गेले, आतून गोळ्या आल्या, मागे हटले. त्यानंतर तो मारला गेला तो १२:५० ला. ७७ मिनिटं.

त्या दिवशी आम्हाला काय सांगितलं गेलं? शाळेच्या पोलीस अधिकाऱ्यानं त्याला दारात अडवलं होतं. २६ तारखेला कबूल केलं की कुणीच अडवलं नव्हतं. मग म्हणाले, एका शिक्षिकेनं बाहेरचं दार दगड लावून उघडं ठेवलं होतं. त्या बाईच्या मनाचं काय झालं असेल विचार करा. काही दिवसांनी व्हिडिओ पाहून सांगितलं की तिनं दार ओढून घेतलं होतं, कुलूप लागलं नाही.

आणि आत काय चाललं होतं? ११२ नंबरच्या वर्गातून एक मुलगी ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करत होती. पहिला फोन १२:०३ ला. १२:१६ ला ती सांगते की आठ-नऊ मुलं अजून जिवंत आहेत. १२:४७ ला म्हणते, पोलीस पाठवा, आत्ता पाठवा. पोलीस तिच्या दाराबाहेरच्याच पॅसेजमध्ये उभे होते.

इतकं झाल्यावर कुणी म्हणालं की सरकारी तोंडावर माझा विश्वास नाही, तर त्याला मी काय सांगू? माझाही उरला नाही.

भाऊसाहेब_सातारा
हेच तर म्हणतोय तो पोरगा. सरकार अमेरिकेचं असो की आपलं, अडचणीत आलं की खोटं बोलतं. मग शंका घेणाऱ्याच्या मागे एवढं का लागायचं? मी सँडी हूकचे दोन-तीन व्हिडिओ पाहिलेत. आधी सांगितलं नुसती पिस्तुलं होती, मग सांगितलं रायफल. आधी मारेकऱ्याचं नाव वेगळंच. आई शाळेत शिक्षिका होती म्हणाले, नंतर म्हणाले नव्हती. जंगलात एक माणूस पकडल्याचं दृश्य तर मी डोळ्यांनी पाहिलंय. इतक्या गोष्टी बदलल्या, तर माणूस विचारणार नाही का? मुलं मेली नाहीत असं मी म्हणत नाही. विचारायचाही हक्क नाही का, एवढंच म्हणतो.

जुना_बातमीदार
भाऊसाहेब, तुम्ही जे मोजलंत ते सगळं खरं आहे, पहिल्या दिवशी असंच छापून आलं होतं. मारेकऱ्याच्या जागी त्याच्या भावाचं नाव दिवसभर चालवलं गेलं. त्याची आई शाळेत शिकवत नव्हती, तिला त्यानं सकाळी घरीच मारलं होतं. जंगलात अडवलेला माणूस चौकशी करून सोडून दिला. शाळेत वापरली ती रायफल आणि गाडीच्या डिकीत सापडली ती शॉटगन. या दोन बंदुकांच्या घोळावरच कितीतरी व्हिडिओ उभे आहेत.

मी २६ वर्षं बातमीदारी केली, बरीचशी तालुक्याच्या गावांत. मोठ्या अपघाताच्या पहिल्या चार तासांत माझ्या वहीत जे असायचं त्यातलं निम्मं रात्री खोडावं लागायचं. एकदा घाटात बस कोसळली तेव्हा मी मृतांच्या यादीत एका जिवंत माणसाचं नाव दिलं. पोलीस ठाण्यातूनच मिळालेलं होतं. त्याच्या घरच्यांनी रडून आकांत केला आणि रात्री तो माणूस चालत घरी आला. आजही आठवलं की पोटात खड्डा पडतो. ती चूक होती. त्यामागे कट नव्हता आणि बस कोसळली नाही असाही तिचा अर्थ नव्हता.

म्हणून मी एक गोष्ट बघायला शिकलो. पहिल्या दिवशीच्या चुका विखुरलेल्या असतात. एक इकडची, एक तिकडची, कुणाच्याच फायद्याची नाही. सँडी हूकच्या चुका तशा आहेत. भावाचं नाव चुकवून कुणाला काय मिळणार होतं? आता सॅनअँटोनियोकरांनी दिलेल्या चुका बघा. अधिकाऱ्यानं अडवलं. शिक्षिकेनं दार उघडं ठेवलं. पोलीस शूर होते. यातली प्रत्येक चूक एकाच बाजूला झुकते, पोलिसांच्या बाजूला. तिथे शंका घ्यायलाच हवी होती आणि तिथल्या आईबापांनी पहिल्या दिवसापासून घेतली.

अनघा_ठाणे
बातमीदारकाका, हे फार पटलं. चूक कुणाकडे झुकते ते बघायचं.

केदार_बोरिवली
उच्चार नक्की युवाल्डी का? मी आजवर उवाल्डे म्हणत होतो.

सॅनअँटोनियोकर
इकडे सगळे युवाल्डीच म्हणतात. हुआन दे उगाल्दे नावाच्या स्पॅनिश अधिकाऱ्यावरून नाव पडलं, लिहिताना बिघडलं आणि तेच कायम झालं. गावात मोठी ओकची झाडं आहेत, चौकात कारंजं आहे. घटनेनंतर त्या चौकात २१ पांढरे क्रूस लावले होते. मी बायकोबरोबर गेलो होतो. क्रूसांपाशी लोकांनी खेळणी आणून ठेवली होती. आम्ही फुलं ठेवली आणि लगेच परत निघालो, तिथे थांबवलं नाही.

प्राजक्ता_न्यूजर्सी
मी इथे प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या राज्यात दर महिन्याला एक फायर ड्रिल आणि एक सुरक्षा ड्रिल कायद्यानंच करावी लागते. पाच वर्षांच्या मुलांना दिवा मालवून कोपऱ्यात गप्प बसवायचं. एका मुलानं मला विचारलं होतं, "शिंक आली तर काय करायचं?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मला वेगळं सांगायचं आहे. मागच्या वर्षी आमच्याकडे एकदा चुकून लॉकडाउन, म्हणजे दारं बंद करून लपायचा इशारा, लागला. ड्रिल नव्हती, कुणीतरी चुकीचं बटण दाबलं होतं, पण आम्हाला वीस मिनिटं ते माहीत नव्हतं. माझ्या वर्गाचं कुलूप वर्षभर अडकतं. मी ऑफिसात दोनदा सांगितलं होतं. त्या दिवशीही ते लागलं नाही. मी दाराला टेबल लावून त्याला पाठ टेकून बसले. संध्याकाळी पालकांना पत्र गेलं की सर्व काही नियमाप्रमाणे पार पडलं. दुसऱ्या दिवशी एका आईनं मला फाटकात विचारलं, खरंच सगळं ठीक होतं का? मी हो म्हणाले. नोकरीची भीती होती. ते "हो" मला अजून टोचतं.

मुलांना इजा झाली नाही, म्हणून याला कुणी खोटं म्हणणार नाही. पण युवाल्डीतली ती पहिली पत्रकार परिषद यापेक्षा फार वेगळ्या ठिकाणी जन्मली नसेल. आपली बाजू सावरून घेण्यातूनच जन्मली असेल.

मृदुला_हार्टफर्ड
प्राजक्ता, तू हे इथे लिहिलंस त्याबद्दल तुला मनापासून धन्यवाद.

वकील_धरमपेठ
भाऊसाहेबांच्या प्रश्नाकडे येतो. विचारायचा हक्क आहेच, पण विचारणाऱ्यानं उत्तर ऐकायला थांबलं पाहिजे. सँडी हूकमध्ये काय झालं ते कोर्टाच्या कागदांतून बघा.

अ‍ॅलेक्स जोन्स नावाचा टेक्सासचा एक माणूस इन्फोवॉर्स नावाचा कार्यक्रम चालवायचा. त्यानं वर्षानुवर्षं सांगितलं की हे सगळं नाटक आहे, आईबाप भाड्याचे नट आहेत. ऐकणाऱ्यांनी त्या आईबापांची घरं शोधून काढली. फ्लोरिडातल्या एका बाईला एका वडिलांना जिवे मारण्याच्या धमक्या दिल्याबद्दल २०१७ मध्ये पाच महिन्यांची कैद झाली. त्या वडिलांना पुन्हा पुन्हा घर बदलावं लागलं. आणखी एका वडिलांनी कोर्टात साक्ष दिली की लोकांनी त्यांच्या सात वर्षांच्या मुलाच्या थडग्यावर लघवी केल्याचं सांगितलं, शवपेटी उकरून काढण्याची धमकी दिली.

२०१८ मध्ये कुटुंबांनी खटले भरले. ऑक्टोबर २०२२ मध्ये कनेटिकटच्या ज्युरीनं ९६ कोटी ५० लाख डॉलर ठरवले. महिन्याभरानं न्यायाधीशांनी दंड म्हणून आणखी ४७ कोटी ३० लाख घातले. त्याआधी ऑगस्टमध्ये टेक्सासच्या ज्युरीनं दुसऱ्या एका आईवडिलांना सुमारे ४ कोटी ९३ लाख दिले होते. त्याच टेक्सासच्या खटल्यात जोन्सनं शपथेवर मान्य केलं की घटना शंभर टक्के खरी आहे. हे म्हणायला त्याला साडेनऊ वर्षं लागली.

भाऊसाहेब_सातारा
वकीलसाहेब, मी थोडं वाचलं आहे. ते निकाल एकतर्फी होते ना? म्हणजे शाळेत खरं काय झालं त्यावर कोर्टात सुनावणी झालीच नाही, नुसती रक्कम ठरली. हे पण सांगा की लोकांना.

वकील_धरमपेठ
बरोबर वाचलंत, आणि हा मुद्दा लपवण्यासारखा नाही. पण निकाल एकतर्फी का झाला ते पुढचं पानही वाचा. समोरच्या पक्षाला कागदपत्रं देणं बंधनकारक असतं. कोर्टानं पुन्हा पुन्हा आदेश देऊनही जोन्सनं ती दिली नाहीत. जो माणूस दहा वर्षं जगाला "कागद दाखवा" म्हणत होता, त्यानं स्वतःचे कागद दाखवायची वेळ आली तेव्हा दिले नाहीत. आमच्या नागपुरात अशा पक्षकाराला न्यायाधीश दुसऱ्या तारखेला उभं करत नाहीत.

आणि विस्कॉन्सिनचा खटला बघा, तो एकतर्फी नव्हता. एका निवृत्त प्राध्यापकानं छापलं की सँडी हूकमधल्या एका मुलाच्या मृत्यूचा दाखला बनावट आहे. त्या मुलाच्या वडिलांनी दावा लावला. न्यायाधीशांनी साक्षीपुरावे बघून बदनामी झाल्याचं ठरवलं आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ज्युरीनं साडेचार लाख डॉलर दिले.

हेच वडील सुरुवातीला शंका घेणाऱ्यांशी बोलायला गेले होते. मुलाचा मृत्यूचा दाखला जाहीर केला. बालवाडीची प्रगतिपुस्तकं टाकली. प्रत्येक कागदाला उत्तर आलं की हाही खोटा. भाऊसाहेब, तुम्हाला प्रश्न आहे तर उत्तर कशानं होईल ते आधी सांगा. कुठला कागद बघितल्यावर तुम्ही हो म्हणाल? युवाल्डीच्या आईबापांनी ते सांगितलं होतं. पॅसेजचा व्हिडिओ, ९११ च्या फोनच्या नोंदी, पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण. यादी देऊन मागितलं.

भाऊसाहेब_सातारा
मी शाळेतले फोटो म्हणालो असतो. पण कनेटिकटनं २०१३ मध्ये कायदा करून खुनाच्या जागेवरचे फोटो बंदच केले असं वाचलं. म्हणून शंका येते. लपवायचं नव्हतं तर कायदा कशाला?

मृदुला_हार्टफर्ड
भाऊसाहेब, मी इथेच होते तेव्हा. तो कायदा आईबापांनी मागितला होता. त्यांच्या मुलांची ती शेवटची अवस्था कुणा अनोळखी माणसाच्या मोबाइलवर फिरू नये म्हणून. माझी मुलगी त्या मुलांच्याच वयाची होती. तुमच्या नातवाचा असा फोटो कुणी मागितला तर तुम्ही द्याल का? मी रागानं विचारत नाही. मला खरंच वाटतं की तुम्ही देणार नाही.

बाकी कागद बंद नाहीत. नोव्हेंबर २०१३ मध्ये सरकारी वकील स्टीफन सेडेन्स्की यांचा अहवाल आला. पाठोपाठ डिसेंबरात राज्य पोलिसांनी हजारो पानं जाहीर केली, बराच भाग काळा करून. मी त्यातली थोडी वाचायला घेतली होती. मला पुढे जाता आलं नाही.

अनघा_ठाणे
अवांतर वाटलं तर सांगा. २६/११ नंतर आपल्याकडेही त्या रात्रीबद्दल वाट्टेल त्या कथा फिरल्या. पण अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी काय केलं? माहितीच्या अधिकारात अर्ज करून नियंत्रण कक्षाच्या वायरलेस संभाषणाच्या नोंदी मागितल्या. कुणी कधी मदत मागितली, कुणी काय उत्तर दिलं, ते वेळेसकट तपासलं. सरकारी कथेवर शंका त्यांचीही होती, घरातला माणूस गेला होता. त्यांनी नोंद मागितली. युवाल्डीचे आईबाप वाचताना मला त्याच आठवल्या.

जुना_बातमीदार
अजिबात अवांतर नाही, अनघा.

आणखी एक जोडतो. सरकारनं खरोखर दडवल्याचं जुनं उदाहरण हवं असेल तर कोलंबाइन हायस्कूलमधला गोळीबार. २० एप्रिल १९९९, कोलोराडो. १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक गेले. दोघा मारेकऱ्यांपैकी एकाच्या घराची झडती घ्यावी, असा मसुदा शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयात १९९८ मध्येच तयार होता. तो कोर्टात गेलाच नाही. घटनेनंतर ही गोष्ट दोन वर्षं लोकांपासून लपवली, २००१ मध्ये बाहेर आली. ती बाहेर कुणी काढली? मेलेल्या मुलांच्या आईबापांनी आणि बातमीदारांनी, कोर्टाचे उंबरे झिजवून.

त्याच दिवशी पोलीस बाहेर थांबून राहिले आणि आत जखमी शिक्षक तीन तासांहून जास्त वेळ रक्त वाहत पडून होते. ते वाचले नाहीत. त्या एका दिवसानंतर साऱ्या अमेरिकेत पोलिसांचं शिक्षण बदललं. मोठ्या पथकाची वाट बघायची नाही, पहिला पोचेल त्यानं आत जायचं. म्हणून युवाल्डीचा राग एवढा आहे. युवाल्डीच्या २३ वर्षं आधी शिकलेला धडा होता तो.

प्रशांत_औंध
पण या सगळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पोस्टचं काय करायचं? कोर्टाचे कागद कोण वाचतं? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेतल्या गोळीबाराच्या वेळी आलं होतं की तो टीव्हीवर बोलणारा मुलगा भाड्याचा नट आहे. १७ माणसं गेली होती तिथे. चार लोकांनी अंगठे दिले. मीही गप्प बसलो होतो.

भाऊसाहेब_सातारा
मृदुलाताई, मी काल उत्तर दिलं नाही, कारण विचार करत होतो. माझा नातू चार वर्षांचा आहे. नाही देणार मी फोटो. कुणालाच नाही.

सरकारवर माझा विश्वास नाही, तो उद्याही नसेल. ४१ वर्षं एसटीत काढली, कार्यालयातून येणारा प्रत्येक कागद मी उलटा धरून वाचलाय. पण वकीलसाहेबांनी विचारलं की काय बघितल्यावर हो म्हणाल, तर मला सापडलं नाही. मला कुठलाच कागद पुरला नसता. हे मला आवडलं नाही. ते व्हिडिओ मी दोघांना पाठवले होते. आज दोघांनाही फोन केला.

सॅनअँटोनियोकर
भाऊसाहेब, नमस्कार तुम्हाला.

युवाल्डीचा पुढचा हिशेब लिहून ठेवतो, भाच्याच्या उपयोगी पडेल. १२ जुलै २०२२ ला ऑस्टिन अमेरिकन-स्टेट्समन या दैनिकानं पॅसेजचा व्हिडिओ छापला. मुलांचे आवाज काढून टाकले होते. पण आईबापांना तो रविवारी, १७ तारखेला, आधी खासगीत दाखवायचं ठरलं होतं. मंगळवारीच तो सगळ्या जगानं पाहिला. ज्या पालकांनी तो मागितला होता तेच यानं कोसळले. बघण्याचा हक्क आणि कुणाच्या आधी बघायचं याचा हक्क, दोन्ही त्यांचे होते. दैनिकानं चूक केली असं मला म्हणवत नाही. तो व्हिडिओ नसता तर अजून वर्षभर टोलवाटोलवी चालली असती. पण त्या आयांचा राग चुकीचा होता असंही म्हणणार नाही.

१७ जुलैला टेक्सास विधानसभेच्या समितीचा अहवाल आला. ७७ पानं. त्यात मोजणी आहे: ३७६ पोलीस आले होते. १४९ सीमा पोलीस, ९१ राज्य पोलीस, २५ गावचे, १६ शेरीफचे, ५ शाळेचे, बाकी इतर ठिकाणांहून. आधी सगळं खापर शाळेच्या पोलीसप्रमुखावर, पीट अ‍ॅरेडोंडोवर, फोडलं गेलं होतं. अहवाल म्हणतो की प्रमुखपण हातात घ्यायला इतरही पुढे झाले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय न्याय खात्याचा अहवाल आला. अ‍ॅटर्नी जनरल मेरिक गार्लंड युवाल्डीत येऊन म्हणाले की रूढ पद्धतीनं लगेच आत गेले असते तर जीव वाचले असते. कॅमेऱ्यांचं चित्रण गावानं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं, तेही वृत्तसंस्थांनी दावा लावल्यावर.

म्हणजे तिथे प्रत्येक शंकेला उत्तर मिळत गेलं आणि प्रत्येक उत्तरानं चित्र अधिक स्पष्ट झालं. घटना तीच राहिली, मुलं तीच राहिली. कोण कधी कुठे उभा होता ते कळत गेलं.

संचालक
चर्चा चांगली चालू आहे. एका सदस्याचा प्रतिसाद काढला आहे, त्यात सँडी हूकच्या एका कुटुंबाचा पत्ता आणि फोटो होते. कृपया असं पुन्हा करू नये. त्या कुटुंबांचं नाव-गाव इथे येणार नाही.

मृदुला_हार्टफर्ड
संचालक, आभार.

काल भाच्याशी पुन्हा बोलले. आधी परवाच्या बोलण्याबद्दल त्याची माफी मागितली. मग हा धागा त्याला वाचायला दिला. बातमीदारकाकांचं झुकणाऱ्या चुकांचं आणि वकीलसाहेबांचं "कशानं हो म्हणाल" हे त्यानं दोन्ही वहीत उतरवून घेतलं म्हणे. मग टेक्सासचा तो ७७ पानी अहवाल डाउनलोड करून रात्री दीडपर्यंत वाचत बसला. सकाळी त्याचा मेसेज आला. सँडी हूकबद्दल एक ओळ नव्हती. त्यानं विचारलंय, "मावशी, १११ नंबरच्या वर्गाचं कुलूप बिघडलेलं आहे हे शाळेत माहीत होतं, तर दुरुस्त का केलं नव्हतं?"

सॅनअँटोनियोकर यांना माहीत असेल.

सॅनअँटोनियोकर
अहवालातच आहे, त्याच्या नजरेतून सुटलं असेल. दीड वाजता माझ्याही सुटलं असतं. तिथे सीमेवरून चोरून आणलेल्या माणसांच्या गाड्यांचा पाठलाग सतत होतो. फेब्रुवारी २०२१ पासून घटनेपर्यंत शाळांना अशा धोक्याच्या जवळपास ५० सूचना गेल्या होत्या आणि बहुतेक या पाठलागांच्याच. लोकांना सवय झाली होती. किल्ल्या कमी होत्या म्हणून दारं अडवून ठेवायचीही सवय होती. १११ आणि ११२ हे आतून जोडलेले वर्ग. १११ चं कुलूप नीट लागत नाही हे मुख्याध्यापिकेसकट बऱ्याच जणांना माहीत होतं. तोंडी बोलणं झालं होतं. पण दुरुस्तीची लेखी मागणी कुणीच दाखल केली नव्हती.

आणि पोलीस ७७ मिनिटांतला बराचसा वेळ त्या दाराच्या किल्ल्या शोधत होते. दार उघडंच आहे का, हे कुणी हात लावून पाहिलं नाही.

प्राजक्ता_न्यूजर्सी
उद्या सकाळी मी माझ्या वर्गाच्या कुलपाची मागणी लेखी देते आहे. तारीख घालून, प्रत स्वतःकडे ठेवून. आणि फाटकातल्या त्या आईला भेटून खरं काय झालं होतं ते सांगणार आहे.